अंगठ्याचा दाब

आयुष्यात मी तीन गोष्टी मन लावून शिकलो आणि तिन्ही मला आल्या नाहीत: पोहणं, तबला आणि पट मारणं. पोहणं मी आठ दिवसांत सोडलं. तबला मास्तरांनीच सोडायला लावला, म्हणाले, "तुझ्या हातात ताल नाही असं नाही, पण तो दुसऱ्या कुठल्या तरी गाण्याचा आहे." पट मात्र मी दोन वर्षं मारत राहिलो, दर रविवारी, आणि मधल्या वारी घराच्या गच्चीवर. आता चाळिशीला टेकल्यावर कुणी विचारलं की तरुणपणी कोणता खेळ खेळायचास, तर मी क्रिकेट म्हणून सांगतो. डिस्क गोल्फ म्हटलं की समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगताना आपण किती वाईट खेळायचो तेही आठवत राहतं.

तरी एकदा सांगून टाकतो. गोल्फच, फक्त चेंडूऐवजी हातानं फेकायची प्लॅस्टिकची चकती आणि जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावर बसवलेली जाळीची टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात, चकती त्यांना अडकून खाली पडते. लांबून दोन-तीन फेकीत टोपलीच्या जवळ यायचं आणि मग जवळून अलगद आत टाकायची, ती फेक म्हणजे पट. ऐकताना सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

मला या नादी लावलं अभ्यंकर काकांनी. बारावीत माझं गणित इतकं कच्चं होतं की वडिलांनी मला थेट सदाशिव पेठेतल्या एका क्लासला घातलं. विश्रांतवाडीहून बसनं तासभर. क्लास दुसऱ्या मजल्यावर होता आणि खालच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटर आणि एक बंद पडलेली फियाट यांच्या मधे, धोतराच्या काळातले वाटणारे पण बर्म्युडा घातलेले एक गृहस्थ रोज संध्याकाळी चकत्या फेकत असायचे. ते निवृत्त ड्राफ्ट्समन होते. अमेरिकेतल्या मुलीकडे सहा महिने राहून आले होते आणि येताना लोक चॉकलेटं आणतात तशा त्यांनी अकरा चकत्या आणल्या होत्या. टोपली त्यांनी इथेच बनवली होती: वर सायकलची रिम, तिला झोपाळ्याच्या कड्या, खाली जुन्या टेबलफॅनची जाळी. मी पहिल्याच दिवशी तिथे उभा राहून बघत बसलो.

"काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बघतोय."

"बघायला वरती फळा आहे. तुमच्या वडिलांनी त्याच्यासाठी पाठवलंय तुम्हाला."

पण पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच माझ्या हातात एक चकती दिली. "नाव राहू दे, माझ्या लक्षात राहत नाही. राहतोस कुठे?" मी विश्रांतवाडी म्हणालो. तेव्हापासून त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. उशीर झाला की, "या विश्रांतवाडी, झाली का विश्रांती?"

आमचं घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर, आणि विमानतळ जवळ असल्यामुळे आमच्या घरातली सगळी संभाषणं तुकड्यातुकड्यांनी व्हायची. हवाई दलाचं विमान डोक्यावरून गेलं की आई वाक्य जिथे असेल तिथे थांबवायची, आवाज विरला की पुढच्या शब्दापासून सुरू. पाहुणे गोंधळून जायचे. आईबाबा अकोल्याकडचे. पुण्यात पंधरा वर्षं काढूनही आईच्या बोलण्यातला एक शब्द हलला नव्हता आणि तिच्या स्वयंपाकातली एक मिरची कमी झाली नव्हती. रविवारी पाटवडीचा रस्सा, थंडीत वांग्याचं भरीत, आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर. मी पेठेतल्या मुलांमध्ये शुद्ध बोलायचा आटापिटा करायचो आणि घरी आलो की आईवर सुधारणा करायचो. "आई, कायले नाही, कशाला." ती पोळी लाटता लाटता म्हणायची, "हो का? मंग कशाले सांगून रायला मले?"

बाबा भोसरीच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्र्याचे भाग दाबून काढायचं मशीन. मी पहिलीत असताना त्या मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट अर्ध्यातून गेलं. मला त्या दिवसांतलं काय आठवतं, तर दोन दिवस शेजारच्या काकूंकडे जेवलो आणि त्यांचं गूळ घातलेलं वरण मला फार आवडलं. मुलगा म्हणून माझी एवढीच नोंद. घरात त्या बोटांविषयी कुणी बोलत नसे. बाबा बाहेर जाताना उजवा हात पॅंटच्या खिशात ठेवायचे, इतक्या सवयीनं की मला ती त्यांची चालच वाटायची.

अभ्यंकर काकांनी हळूहळू आठ-दहा जण गोळा केले आणि रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी एका मोकळ्या मैदानात खेळ सुरू केला. त्यात मृणाल होती. आर्किटेक्चरला होती, केस वर बांधायची, आणि पंचवीस फुटांवरून पट मारताना च्युइंगम चघळणं थांबवायची नाही. मी डिस्क गोल्फच्या प्रेमात पडलो त्यामागे खेळाचा वाटा किती होता हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला मात्र न सांगताच कळलं.

काकांची शिकवण सोपी होती. उजवा पाय पुढे, वजन मागच्या पायावरून पुढच्यावर न्यायचं, हात बेंबीच्या उंचीवरून निघाला पाहिजे. चकतीच्या खाली बोटं पंख्यासारखी पसरायची, तर्जनी कडेला, अंगठा वर नुसता टेकवायचा. पूर्ण टोपलीकडे बघायचं नाही, साखळीची एक कडी निवडायची आणि तिच्याकडे बघायचं. मनगट सगळ्यात शेवटी. आणि चकती सुटली की हात उघडा, बोटं सरळ समोर, कुणाशी हात मिळवायला निघाल्यासारखी. "आणि पाऊल पुढे टाकायचं नाही," ते बजावायचे. "टोपलीच्या जवळ असताना तोल जाऊन पुढे पडलास तर फाऊल. खेळात आणि समाजात, दोन्हीकडे."

मला हे फार साधं वाटलं. मी एका मित्राच्या कॉम्प्युटरवर परदेशी खेळाडूंचे व्हिडिओ बघायचो. दर दहा सेकंदांनी ते अडकायचे, त्यामुळे माझी सगळी शैली त्या अडकलेल्या चित्रांवरून घेतलेली होती. एकाचा गुडघा, दुसऱ्याचं मनगट, तिसऱ्याची टोपी. पट मारण्याआधी मी चकती तीनदा हलवायचो, एक डोळा मिटायचो, श्वास सोडायचो. मृणाल एकदा म्हणाली, "तू पट मारतोयस की कुणावर मंत्र टाकतोयस?" मी ते कौतुक समजलो. माझी चकती मात्र दरवेळी टोपलीच्या उजवीकडून निघून जायची. अगदी दरवेळी. कधी हातभर, कधी वीतभर, पण उजवीकडून. काकांनी दोन वर्षं "अंगठा, अंगठा" केलं. मला वाटायचं, पकड घट्ट नसेल तर चकती डगमगेल, म्हणून मी आणखी घट्ट धरायचो.

वडील काय करतात, हे तिथे एकदा विचारलं गेलं. मृणालनंच विचारलं, सहज. तिचे वडील डॉक्टर, दुसऱ्या एकाचे प्राध्यापक. मी "इंजिनियर" म्हणालो. शब्द तोंडातून कसा बाहेर पडला ते मला कळलं नाही असं लिहिण्याचा मोह होतो आहे, पण मला नीट कळलं होतं. वर मी हेही जोडलं की ते कामानिमित्त सारखे दौऱ्यावर असतात. बाबा त्या काळात पुण्याबाहेर गेले असतील तर अकोल्याला, लग्नाला नाहीतर तेराव्याला.

मग काकांनी जाहीर केलं की जानेवारीत एका रविवारी स्पर्धा घ्यायची आणि पहिले दोघं बंगळूरला मोठ्या स्पर्धेला जातील. पहिली कोण येणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे मृणालबरोबर बंगळूरपर्यंतचा रेल्वेचा प्रवास फक्त दुसऱ्या क्रमांकावर अवलंबून होता. मी सराव वाढवला. गच्चीवर पाण्याच्या टाकीसमोर बादली ठेवली आणि काकांनी दिलेल्या दोन चकत्या पुरेनात म्हणून आईची स्टीलची ताटं नेली.

"ताटं कायले फेकून रायला तू?" आई खालून ओरडायची. "त्याहीत जेवाचं असते मानसानं!"

एका संध्याकाळी बाबा वाळलेले कपडे काढायला वर आले. मला बघत जरा वेळ उभे राहिले. मी पाच ताटं मारली, पाचही बादलीच्या उजवीकडे आपटली. सहावं उचललं तेव्हा ते म्हणाले, "संद्या, अंगठा लय दाबून रायला तू. सोड नं त्याले जरासा."

आधीच पाच फेकी चुकल्या होत्या. त्यात तेच, दोन वर्षं ऐकलेलं. आणि ते सांगणारा माणूस खेळाचं नावही नीट घेऊ न शकणारा. मी वळून म्हणालो, "तुम्हाला काय कळतं त्यातलं? पकड पाच बोटांची असते, बाबा."

वाक्य पूर्ण झालं. नेमकं त्या वेळी वरून एकही विमान गेलं नाही. बाबांनी दोरीवरची आईची साडी काढली, तिची घडी घातली, चिमटे मोजून डब्यात टाकले आणि जिन्यानं खाली गेले. रात्री जेवताना ते नेहमीसारखेच बोलले. मी नेहमीपेक्षा एक भाकर जास्त खाल्ली, कारण ताटातून मान वर करायची नव्हती. आज माझा मुलगा मला काही लागट बोलला की मी लगेच त्याला सुनावतो, आणि सुनावता सुनावता ती साडीची घडी डोळ्यांसमोर येते. मग आवाज आपोआप खाली येतो. तो बिचारा समजतो की बाबांचा राग गेला.

स्पर्धेच्या दिवशी मी चक्क बरा खेळलो. लांबच्या फेकी मला यायच्या. तिथे जोर लागतो आणि जोराला मी कमी नव्हतो. शेवटच्या टोपलीपाशी आलो तेव्हा हिशेब असा होता की हा पट आत गेला तर दुसरा क्रमांक माझा. अंतर पंधरा फूट. घरातल्या हॉलच्या लांबीएवढं. मी पाय ठेवला, चकती पहिल्यांदा हलवली, आणि मैदानाच्या कडेनं आईची हिरवी साडी येताना दिसली. तिच्या हातात पिशवी, पिशवीत डबा, आणि मागे बाबा, खिशात हात. मी त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं नव्हतं. येतील असं माझ्या मनातच आलं नव्हतं.

"कोण हे?" काकांनी विचारलं.

"संदीपची आई मी," आई म्हणाली. "सकायपासून उपाशी हाय तो. पाटवडी आणली."

"अरे वा! म्हणजे हे इंजिनियर साहेब!" काका पुढे झाले. "फार ऐकलंय तुमच्याबद्दल. मिळालात एकदाचे. दौरा संपला का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग काकांना म्हणाले, "इंजिनियर नाही जी मी. कारखान्यात प्रेस चालवतो. दौरा गिरा काही नसते आपला."

मृणाल चघळायची थांबली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बरं झालं. आमच्या गल्लीत इंजिनियर पायलीला पन्नास आहेत, घरातला नळ गळला तर एकाला दुरुस्त करता येत नाही. बसा सावलीला. चल विश्रांतवाडी, लोक खोळंबलेत."

मी पट मारला. ना एक डोळा मिटला, ना श्वास सोडला. मी फक्त चकती आवळली, जगात धरायला तेवढीच एक वस्तू उरल्यासारखी. ती सुटली तीच उशिरा, आणि टोपलीपासून इतक्या उजवीकडून गेली की तिथे उभ्या असलेल्या एका माणसानं पाय वर घेतला. वर माझा तोल जाऊन पाऊलही पुढे पडलं. चुकलेल्या पटावर फाऊल करणारा मी त्या दिवशीचा एकटाच.

"अंगठा," काका म्हणाले. बस एवढंच.

नंतर सगळे कडुलिंबाखाली बसले. आईनं डबा उघडला आणि पेठेतल्या मंडळींनी पाटवडीचा रस्सा चाखला. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला. जेवायला बाबांना हात खिशातून काढावा लागला. मी लांब बसलो होतो, पाठ करून, पण कान तिकडेच. आणि काकांनी, ज्यांना आयुष्यात कुठला प्रश्न गिळून टाकणं जमलं नाही, सरळ विचारलं, "बोटं प्रेसमध्येच गेली का हो?"

मी डोळे मिटले. बारा वर्षं आमच्या घरात कुणी न काढलेला विषय.

"हो," बाबा म्हणाले, अगदी मोकळेपणानं. "प्रेस खाली आली, हात वर याले उशीर झाला. तवा तं दुखलं बी नाही. खरी मजा घरी आल्यावर. हातात काही टिकेच ना. चहाचा गिलास धरला का फुटे, पेन धरला का कागद फाटे. मले वाटे, दोन बोटं कमी हायेत तं बाकीच्याहीनं जास्त जोर लावला पायजे."

"मंग मी पापड दिले त्याहीले," आई म्हणाली. "ओले. लाटले का गच्चीवर नेऊन टाका म्हटलं."

"पयल्या दिवशी सगळे फाटले. एक बी गच्चीपर्यंत गेला नाही." बाबा हसत होते. त्यांच्या त्या हसण्याचा आवाज मला ओळखीचा नव्हता. "आठ दिवसांनी समजलं. भेव वाटलं का मानूस जास्त दाबते. पडन म्हणून दाबते, आन् दाबलं म्हणूनच पडते. अंगठा नुसता ठेवाचा. धराचं काम खालच्या बोटाहीचं. दोन असो का चार."

काका जेवायचे थांबले. "अहो, मग हे तुम्ही या चिरंजीवांना घरी का नाही सांगितलंत? माझी दोन वर्षं वाचली असती."

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"सांगतलं होतं," बाबा म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला. गच्चीवर मी काय उत्तर दिलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा नाही, नंतरही कधी नाही. आईलासुद्धा नाही, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

जेवण झाल्यावर काकांनी त्यांना चकती देऊन उभं केलं. बाबांनी ती करंगळी आणि अनामिकेवर तोलली, दोन्ही खुंट कडेला टेकवले आणि अंगठा वर ठेवला, झोपलेल्या पोराच्या अंगावर ठेवावा तसा. पहिली फेक अर्ध्यातच पडली. दुसरी खांबाला लागली. सगळे "अरेरे" म्हणाले. तिसरी फार सावकाश गेली, इतकी सावकाश की मला वाटलं पोचणारच नाही, आणि साखळ्या वाजल्या. "काका, सो क्लीन!" मृणाल ओरडली. माझ्या कोणत्याही पटाला ती कधी ओरडली नव्हती. इथे मला बापाचा अभिमान वाटला असं लिहायला हवं. तो वाटला, पण दुसऱ्या दिवशी. त्या क्षणी मला शुद्ध मत्सर वाटला.

परत येताना आम्ही तिघं स्कूटरवर होतो, मधे आई. येरवड्याच्या सिग्नलला बाबांनी मागे न बघता विचारलं, "इंजिनियर काहून सांगतलं?"

मी म्हणालो, "लाज वाटली."

"माही?"

"हो."

सिग्नल अजून लाल होता. "मलेही वाटे," ते म्हणाले. "लय वर्सं."

"मग?"

"मंग काय. लाजेचाही कटाळा येते एखाद दिवशी." मग म्हणाले, "आज आला."

मी मान खाली घालून आईच्या खांद्यावर टेकवली आणि म्हणालो, "बाबा, गच्चीवर मी जे बोललो ना..." सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या रिक्षानं हॉर्न वाजवला. "समजलं," ते म्हणाले आणि गाडी काढली.

पुढच्या रविवारी मी टेकडीकडे गेलो नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी उठलो तर बाबा घरात नव्हते. आईला विचारलं तर म्हणाली, "गेले. त्या मास्तरानं बोलावलं होतं." मग ते दर रविवारी जाऊ लागले. काका त्यांना "अहो प्रेसवाले" म्हणायचे आणि ते काकांना "मास्तर". दोघं पकडीवरून इतके भांडायचे की मृणालला मधे पडावं लागे. मी अभ्यासाचं कारण सांगून खेळ हळूहळू सोडून दिला. कारण खोटं होतं. अभ्यासही मी केला नाही.

त्याच्या पुढच्या जानेवारीत पुन्हा स्पर्धा झाली. मृणाल पहिली. आणि दुसरे बाबा.

मी आणि आई त्यांना पुणे स्टेशनवर सोडायला गेलो. मी मृणालची बॅग उचलायला पुढे झालो, तर ती म्हणाली, "ही राहू दे, तुझ्या बाबांची घे, जड आहे." जड होती, कारण आईनं तीत चार दिवसांच्या भाकरी भरल्या होत्या. बाबांनी नवीन बूट घातले होते, एक नंबर मोठे, पुढे वाढेल म्हणून लहान मुलांना घेतात तसे. ते खिडकीपाशी बसले. समोरच्या बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसले होते. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून त्यांनी सहज विचारलं, "कुठे, बंगळूरला का? काय काम काढलंत?"

बाबांनी आधी खिडकीतून आमच्याकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे वळले. वय शेहेचाळीस, डोक्यावर टक्कल, मांडीवर चकत्यांची पिशवी.

"खेळाले चाललो," ते म्हणाले.